कालव्यात टाकलेला ताईत

तान्ह्या भावाच्या, दिलावरच्या गळ्यातला ताईत खैरूननं पेरू कापायच्या सुरीनं कापला आणि कालव्यात टाकला. बाळाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं. म्हणजे अगदी नव्हतंच असंही नाही. नऊ वर्षं ती बागवानाच्या त्या घरात एकुलती एक होती. आता अम्मा तिची वेणी घालायची तीसुद्धा बाळाकडं बघत, त्यामुळं भांग रोज वाकडा पडायचा. त्या सकाळी खैरूननं वेणीसाठी तेलाची वाटी पुढं केली, आणि अम्मानं त्यातलं तेल घेऊन बाळाच्या टाळूवर थापलं. एवढंच झालं होतं.

काळ्या दोऱ्यात ओवलेली ती मेणकापडाची पुडी नानीनं इंदापूरहून आणली होती. पाण्यावर ती जराशी तरंगली आणि पुलाखाली गेली. खैरूनला बरं वाटलं. ते बरं वाटणं दिवस कलेपर्यंत टिकलं, कारण दिवस कलताना दिलावरला ताप भरला.

अब्बा इंदापूरकडच्या बागेवर पेरू उतरवायला गेलेला. ताईत शोधत अम्मानं अंथरुणं झटकली, पाळणा उलटा केला, आणि शेवटी म्हणाली, "द्वारकाबाईनं न्हाऊ घातलं, तवाच तुटला असंल."

द्वारकाबाई शेजारची. चार पोरं वाढवलेली, पाचव्याची हौस उरलेली. म्हणून रोज येऊन दिलावरला चोळायची. दुसऱ्या दिवशी ती तेल कोमट करून आली, तर अम्मा मान खाली घालून म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या बाई."

"का वो? माझ्या हाताला काय झालं का?"

अम्मानं बाळाला पदराआड घेतलं. द्वारकाबाईनं वाटी पदराखाली झाकली, जशी काही चोरीचीच, आणि गेली. खैरून चुलीपाशी बसून हे बघत होती. भाकरी तोंडात होती.

पोरींना कुराण शिकवायला सुगराबी खाला होती. खालाचा आवाज मोठा, दात थोडे. त्याच सकाळी धडा संपल्यावर ती म्हणाली, "हात वर करा गं. खैरूनच्या भावाला आराम पडू दे म्हणून मागा."

सगळ्या पोरींनी हात वर केले. खैरूनचे हात मांडीखाली.

"मेंदी लावलीया का हाताला?" खाला म्हणाली.

पोरी हसल्या. खैरून रडायला लागली.

खालानं पोरींना घरी लावून दिलं आणि तिला अंगणातल्या रांजणापाशी नेलं. "आधी वजू कर, हात-तोंड धू. रडत बोललेलं मला उमगत न्हाय."

खैरूननं मनगटापर्यंत हात धुतले, आणि तिथंच थांबली. "ह्याच हातांनी खाला," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. सुरी, कालवा, द्वारकाबाईची वाटी.

खालानं हातातला तांब्या खाली ठेवला. "दोरा तुटला तर बाळ अल्लाकडं जातं, असं तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमीच."

"व्हय, मीच. तुमी ताईताला हात लावू नये म्हणून. भेव दाखवलं की पोरं गप बसत्यात." तिनं कानाच्या पाळ्यांना हात लावला. "तोबा. अल्लाचं नाव घेऊन भेव घातलं मी."

"म्हंजे तो जाणार न्हाय?"

"देवी टोचणारा कधी आलता?"

"मागल्या बाजाराला."

"दंडावर फोड भरलाय?"

"टरारून."

"मग त्याचा ताप हाय. समद्या पोरांना येतो. तुला आलता तवा गल्ली जागी ठिवलीस."

खैरूनचा जीव भांड्यात पडला. "मग मी काय न्हाय केलं!"

"ताप तू न्हाय आणलास," खाला म्हणाली. "ताईत तू टाकलास. आन् नाव द्वारकाबाईचं झालं."

"नमाजात माफी मागते."

"माग की. अल्लाचं देणं अल्ला सोडतो. पण माणसाचं माणसानंच सोडावं लागतं, तितं तो मधी पडत न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "राग आला म्हणून तू वंगाळ न्हाईस. राग आला की उभी असशील तर बस. बसलेली असशील तर आडवी हो. तरी न्हाय गेला तर तोंडावर पाणी घे. सुरी मातुर घिऊ नगं."

अम्माला सांगितलं तेव्हा अम्माचा हात उठला. उठलेला हात खैरूनच्या वाकड्या भांगावर आला आणि तिथंच राहिला. मग दोघी मिळून द्वारकाबाईच्या दारात गेल्या. माफी दोघींनाही मागायची होती.

द्वारकाबाईनं ऐकून घेतलं. "मंजी माझ्या हाताला काय झालं न्हाय?"

"न्हाय," अम्मा म्हणाली.

"मग ताप उतरला की हाक मारा. ऱ्हायलेला मळ एकदम काढते."

माफ झालं. पण तेव्हापासून बाळाला घेण्याआधी द्वारकाबाई दोन्ही तळवे उघडून दाखवायची. थट्टेनंच दाखवायची. खैरूनला त्या थट्टेवर कधी हसता आलं नाही.

राहिला दिलावर. "त्याला कसं विचारू?" तिनं खालाला विचारलं.

"बोलायला लागला की विचार. तवर सांभाळ."

खैरूननं सांभाळला. कडेवर घेऊन तिची कंबर एका बाजूला कलली. तो दात येताना चावला, वेणी ओढली. राग आला की ती खाली बसायची, आणि बसली की तो आणखी चांगला वेणीपर्यंत पोचायचा.

पुढच्या पेरूच्या हंगामात त्याला तीन शब्द येत होते: अम्मा, पेरू आणि न्हाय. खैरून वजू करून आली, त्याच्यापुढं मांडी घालून बसली.

"तुझा ताईत मी टाकला रं. माफ केलंस?"

दिलावरनं तिच्याकडं नीट बघितलं. "न्हाय," तो म्हणाला.

बाकी सगळ्याची तयारी तिनं केली होती, ह्याचीच केली नव्हती. डोळे भरून आले. दिलावरनं टोपलीकडं बोट दाखवलं. "पेरू."

खैरूननं तीच सुरी घेतली, पेरू कापला, बिया काढल्या आणि मऊ फोड त्याच्या तोंडात दिली.

"उद्या विचारते," ती म्हणाली.