काशिराम यांची अपत्ये

माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा सासऱ्यांनी माझ्या वडिलांना मुलगी किती शिकलीय हे विचारलंच नाही. कूळ विचारलं, देवक विचारलं, माझ्या आईचं माहेर कुठल्या घराण्यातलं ते विचारलं, आणि तीन पिढ्या खणून काढल्यावरच पोह्यांच्या बशीला हात लावला. माझे वडील भोळे. बाहेर पडल्यावर म्हणाले, "चारुता, घर खानदानी आहे हो." मी मान डोलावली. त्या खानदानीपणाची किंमत पुढे माझ्या पोरीला मोजावी लागणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

सासऱ्यांचं नाव प्रभाकर. घरात सगळे आप्पा म्हणतात. नवीन पनवेलमधल्या आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे ते कित्येक वर्षं अध्यक्ष. कोण अस्सल आणि कोण 'तसले' हे त्यांनी ठरवायचं. 'कुणबी' हा शब्द आमच्या घरात फक्त रागावताना ऐकू यायचा. माझा नवरा इंद्रजीत लहानपणी ताटाशी उकिडवा बसला की आप्पा ओरडायचे, "कुणब्यासारखा काय बसतोस?"

आणि मग सईचा नीटचा निकाल लागला. माझी एकुलती एक लेक. दोन वर्षं तिने मान वर करून टीव्ही पाहिला नाही. मार्क चांगले पडले, पण खुल्या गटातून सरकारी मेडिकलला पुरणारे नव्हते. ओबीसीतून नक्की मिळालं असतं. खासगी कॉलेजचं नाव काढायची आमची ऐपत नाही.

जुन्या नोंदी शोधायचं तेव्हा सगळीकडे पेव फुटलं होतं. बापाच्या बाजूच्या रक्ताच्या माणसाची, सदुसष्ट सालाआधीची, 'कुणबी' अशी एक नोंद सापडली की दाखला मिळत होता. इंद्रजीतने भीतभीत आप्पांपुढे विषय काढला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण सई म्हणजे त्यांचा जीव. पावसात तिच्यावर छत्री धरून क्लासला सोडायला हेच जायचे आणि स्वतः भिजून यायचे. ते म्हणाले, "आमच्यात असली नोंद सापडायची नाही. पण शोधा. पोरीसाठी शोधा."

शोधा म्हणजे मी शोधायचं. इंद्रजीतला सुट्टी नव्हती, आणि असती तरी सरकारी खिडकीसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

जुन्या पनवेलात एका कचेरीत मी अर्ज दिला. त्यावर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं, सईच्या पणजोबांचं नाव काशिराम, गाव अमुक, वर्षं तमुक, असं सगळं लिहिलं. जन्ममृत्यूची जुनी बुकं मोडीत, आणि मोडी वाचणारे गृहस्थ ठरावीक वारीच यायचे. तोवर बाकावर बसायचं. त्या बाकावर मला आमच्या मंडळातली निम्मी माणसं भेटली. प्रत्येकाची फाइल भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी. एकमेकांना पाहून म्हणायचे, "सहज आलो होतो, सातबाऱ्याचं काम होतं." मला इतकं हसू यायचं, आणि इतकी चीडही. कुणबी स्थळांना नाकं मुरडणारे हेच ते लोक, आणि आता आजा कुणबी निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेले!

आमच्या गावच्या बुकाला वाळवी लागली होती. मोडीवाल्यांनी एकेक पान फुंकर घालून उलटलं, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "काशिराम दिसत नाहीत, ताई. सासऱ्यांची शाळा कुठली? तिथलं रजिस्टर बघा."

मग गावच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकेने अर्ज वाचला आणि जनरल रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. आप्पांचं नाव सापडलं तेव्हा मी त्यावर बोट ठेवून पुढे वाचलं. नाव प्रभाकर, वडिलांचं नाव काशिराम, जात कुणबी. पण त्या 'कुणबी'वर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि वर लिहिलं होतं 'मराठा'. बाजूला सही, तारीख. साल सहासष्ट.

"ही दुरुस्ती अर्जावरून झालीय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. अर्ज फायलीत होता. त्यांनी काढून दाखवला. अक्षर मी लगेच ओळखलं. आजही आप्पा 'क्ष' तसाच काढतात. अर्जदार जातीने मराठा असून कुणबी लोकांशी त्याचा रोटीबेटी व्यवहार नाही. अर्जदार हा काशिराम यांचे एकमेव अपत्य आहे. नोकरी नुकतीच लागलेली, घाटावरच्या मोठ्या घराण्यातली मुलगी सांगून आलेली. माझ्या सासूबाई त्या. त्यांच्या घरी दाखवायला कागद स्वच्छ हवा होता, म्हणून या माणसाने तो स्वतःच्या हाताने स्वच्छ करून घेतला.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बाकावर बसून दिवस काढत होते आणि हे घरी संध्याकाळी विचारायचे, "काय, लागला का काही तपास?" त्या शाळेच्या खोलीत मला रडू आलं. दुःखाने नाही, संतापाने.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "खाडाखोडीची नोंद जात पडताळणी कमिटीत टिकत नाही. पण थांबा, वडील काशिराम, गाव हेच, अशी आणखी एक नोंद आहे." त्यांनी पुढची पानं उलटली. नाव सोना, वडिलांचं नाव काशिराम, जात कुणबी. स्वच्छ निळ्या शाईत, एक रेघ नाही. चौथीत शाळा सोडलेली.

मी इतकी वर्षं या घरात आहे. आप्पांना बहीण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंद्रजीतलाही नाही.

घरी आले आणि चप्पल न काढताच विचारलं, "आप्पा, सोना कोण?"

त्यांनी रिमोट उचलला आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला सोनाबाईंचं घर सापडलं. शाळेजवळच्या दुकानदारानेच पत्ता दिला. सईला बरोबर नेलं होतं. एक वाळकी, ताठ म्हातारी ओट्यावर वाल सोलत बसली होती.

"कोन पायजे?"

"मी प्रभाकर काशिराम यांची सून. ही त्यांची नात."

तिने वालाचं सूप बाजूला सारलं आणि सईला म्हणाली, "दादाची नात तू? इकरं ये गो, उजेडान ये. बघूंदे मना." सईचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने निरखला. मग पहिला प्रश्न विचारला तो असा, "दादाला दमा हाय का अजून?"

मी हातापाया पडायच्या तयारीने गेले होते. काही करावं लागलं नाही. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आतच तिने पेटीतून शाळेचा दाखला काढून आणला. "माजे नातवाचे टायमाला काढलेला. भरत त्याचे आज्याचे कागदावर नोकरीला लागला, तवा माजा पन काढून ठेवला. तुमची पोर पन डाक्तर व्हईल. नेवा."

सईने विचारलं, "आजी, तुम्ही आमच्याकडे कधीच का नाही आलात?"

"आलती ना. तुजे बापाचे बारशाला आलती, झबला घेऊन. दादा जिन्यान आला. मना म्हनला, घरान पावनं हायेत, तू उद्या ये." तिने वालाची टरफलं ओंजळीत गोळा केली. "मी माघारी आली. आमी शेतावरची मानसा, आमचे अंगाला चिखलाचा वास. त्याचा तरी काय चुकला?"

मला तिथल्या तिथे आप्पांचा गळा धरावासा वाटला.

कागद मिळाला, पण काम अर्धंच झालं होतं. बहिणीचा कागद लावायचा तर भावाने अधिकाऱ्यासमोर येऊन नातं सांगायला हवं आणि वंशावळीवर सही करायला हवी. 'एकमेव अपत्य' लिहिलेला सहासष्टचा अर्ज फायलीत होता, त्यामुळे आप्पांच्या तोंडून आल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं. मी बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून सईच त्यांच्यापाशी जाऊन बसली. "आजोबा, फक्त एवढंच सांगायचं, की ती माझी बहीण आहे. बाकी काही नाही."

त्यांचे डोळे भरून आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सांगेन. तुझ्यासाठी सांगेन." मी विश्वास ठेवला. तो माझा गाढवपणा.

कचेरीत जायच्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. इंद्रजीतनेही रजा काढली होती. कचेरीच्या व्हरांड्यात पाऊल ठेवतो तोच समोर कमळाकर. आप्पांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती, मंडळाचे सेक्रेटरी. बरोबर नातू, हातात भाजीची पिशवी. दोघे एकमेकांना पाहून दचकले आणि मग खुशाल क्रिकेटवर बोलायला लागले. एकाच कामाला आलेली दोन म्हातारी माणसं, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला काही कळलेलं नाही.

तेवढ्यात भरतचा हात धरून सोनाबाई आल्या. नवं कोरं लुगडं, कपाळावर कुंकवाच्या जागी नुसतं गोंदण, हातात वर्तमानपत्राचा पुडा. "दादा," म्हणून त्या आप्पांच्या पायाशी वाकल्या. पुडा पुढे केला. "तुला आवरतो ना, सुका जवला हाय." वास व्हरांडाभर पसरला. कमळाकरांनी नाकाला रुमाल लावला. आप्पा म्हणाले, "असू दे, असू दे," आणि पुडा घ्यायला हात काही पुढे केला नाही. शेवटी तो मी घेतला.

आत एका वेळी दोन-दोन प्रकरणं बोलवत होते. कमळाकर आणि त्यांचा नातू शेजारच्या खुर्च्यांवर बसले. अधिकारी बाई तरुण होत्या आणि नीट बोलत होत्या. वंशावळीचा कागद समोर धरून त्यांनी विचारलं, "आजोबा, काशिराम यांना अपत्यं किती?"

आप्पांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"किती मुलं होती तुमच्या वडिलांना?"

त्यांनी एकदा सईकडे पाहिलं. मग त्यांची नजर कमळाकरांकडे गेली. माझ्या पोरीपेक्षा तो माणूस जवळचा नव्हता. पण त्या क्षणी पारडं त्याचंच जड झालं.

"एक," आप्पा म्हणाले.

"मग या कोण?"

"आमच्या गावच्या आहेत."

"आप्पा!" मी ओरडले. इंद्रजीतने माझा हात दाबला. यालाही तेव्हाच नेमका हात सापडला! अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सोनाबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही सांगा. हे तुमचे कोण?"

सोनाबाई भावाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. "ते सांगतान ता खरा हाय, बाई. मी गावचीच. दादा आमी सगल्यांनाच म्हनतो."

एवढं होऊनही त्यांनी भावाला खोटं पडू दिलं नाही. बाहेर पडताना सईच्या गालावरून हात फिरवला आणि भरतच्या आधाराने पायऱ्या उतरून गेल्या.

आमच्या अर्जावर शेरा आला, नाते सिद्ध होत नाही. वरती अपील करायचं तर मुळात नाकारणारा घरचाच माणूस. प्रवेशाची मुदत गेली. सईने खारघरच्या एका कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. रडली नाही. आप्पांशी नीट बोलते, औषधं वेळेवर देते, पण त्यांच्या खोलीत बसत नाही.

गणपतीत कमळाकर पेढे घेऊन आले. त्यांच्या नातवाला सरकारी मेडिकल मिळालं होतं. त्यांनी त्या दिवशी कागदावरच्या कुणबी चुलत्याला आमच्यासमोरच आपला म्हणून ओळखलं होतं, खालच्या आवाजात का होईना. आप्पांनी अभिनंदन केलं, पेढा घेतला, मग खुर्चीत मागे रेलले.

"आमची नोंद काही निघाली नाही हो," ते म्हणाले. "पार मोडीपर्यंत शोधून काढलं सगळं. निघणार कुठून? अस्सल ते अस्सल."

आणि त्यांच्या आवाजात खेद नव्हता. अभिमान होता. सई पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. ट्रे तिने शांतपणे टेबलावर ठेवला, पण पेले एकमेकांवर वाजले.

तोवर सासऱ्यांना मी कधी उलट बोलले नव्हते. पाहुण्यांसमोर तर नाहीच.

"निघाली होती, आप्पा," मी म्हणाले. "नवं लुगडं नेसून तुमच्या समोर बसली होती. तुम्ही तिला ओळखलं नाहीत."

कमळाकर पेढ्याच्या खोक्याचं झाकण लावू लागले. आप्पांनी रिमोटसाठी हात लांब केला. तो सईने आधीच उचलला होता.