नरसिंहरावांचा घिस्सा

पंचांची शिट्टी तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा केतकी चार गुणांनी पुढे होती आणि कुस्ती संपायला जेमतेम वीस सेकंद उरले होते. पंचांनी तिची बोटं समोरच्या मुलीच्या निळ्या कॉस्च्युमवरून सोडवली, टेबलाकडे पाहून खूण केली आणि त्या निळ्या मुलीचा हात वर उचलला. तिसरी ताकीद म्हणजे केतकी बाद. अकरा वर्षांची ती पोर मॅटच्या मधोमध उभी राहून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

कडेला उभे असलेले नरसिंहराव लाड कपाळाला हात लावून मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या वर्गातली बारा पोरं आज पहिल्यांदाच शाळांच्या स्पर्धेत उतरली होती, आणि सकाळपासून तिघांना एकाच चुकीसाठी ताकीद मिळाली होती. तिघांनीही कपडा धरला होता. मॅटवरच्या कुस्तीत समोरच्याचा कपडा धरायचा नाही, हे नरसिंहरावांनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

केतकी खाली आली. तिने त्यांनी पुढे केलेली पाण्याची बाटलीही घेतली नाही.

"कितीदा सांगितलं मी तुला, कपडा धरू नको म्हणून?" नरसिंहराव म्हणाले.

"पण अज्जा, तुम्ही पण धरता की."

वर्गातली मराठी, कन्नड, तेलुगू अशी सगळीच पोरं त्यांना अज्जा म्हणायची. इथे, कन्नड मुलखात, आजोबांना अज्जाच म्हणतात.

"मी? मी कधी धरला?"

"रोजच," केतकी म्हणाली आणि मग मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पोर हरल्यावर काहीही बोलते, असं म्हणून नरसिंहरावांनी ते सोडून दिलं असतं. पण शेजारी देवश्री उभी होती. मारतहळ्ळीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी भरणारा हा वर्ग तिचा. ती मूळची पुण्याची, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून मॅटवर खेळलेली, आणि आठवड्याचे पाच दिवस रिंग रोडवरच्या एका कंपनीत मान मोडून काम करणारी. तिने मोबाइल काढला.

"काका, एक मिनिट. हा मागच्या महिन्यातला व्हिडिओ आहे. पेरेंट्सच्या ग्रुपवर टाकायला काढला होता."

मोबाइलमध्ये नरसिंहराव पोरांच्या मधोमध गुडघे टेकून बसले होते. समोर तनय, वर्गातला सगळ्यात लहान पोरगा, तळवे आणि गुडघे टेकून ओणवा होता. नरसिंहरावांचा आवाज खणखणीत येत होता, "कपडा धरायचा नाही. बोटं पिरगाळायची नाहीत. गळ्याला हात घालायचा तर त्याचा एक दंड पण आत घ्यायचा, नुसता गळा आवळायचा नाही. समजलं काय?" आणि हे पोटतिडकीने सांगता सांगता त्यांचा उजवा हात तनयच्या कमरेवर जाऊन त्याचा कॉस्च्युम मुठीत धरत होता. तनयला फिरवून त्यांनी हळूच पाठीवर टाकलं. पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. देवश्रीने मोजले होते, चौदा वेळा.

नरसिंहराव थक्क झाले. तो हात आपलाच आहे हे ओळखायलाही त्यांना एक क्षण लागला.

त्याला घिस्सा म्हणतात. ओणव्या गड्याच्या कमरेचा कपडा मागून पकडायचा, खांद्याने रेटा द्यायचा आणि त्याला फिरवून उताणा करायचा. मातीतल्या कुस्तीत हे सगळं रीतसर चालतं. नरसिंहराव बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते, आणि ती सगळी वर्षं संध्याकाळी कॉटनपेटेतल्या गरडीत, म्हणजे तालमीत, माती अंगाला लावत होते. मोठे पैलवान काही ते झाले नाहीत. पेपरात नाव आलं नाही, गदा मिळाली नाही. पण त्यांचा घिस्सा बघायला दुसऱ्या गरडीतली माणसं येऊन बसायची. वस्तादांनी तो त्यांना हातात हात धरून शिकवला होता. अंगठा बाहेर ठेवायचा, करंगळी कपड्यात खोवायची. तो इतका अंगवळणी पडला होता, की आता त्यासाठी नरसिंहरावांची परवानगीसुद्धा लागत नव्हती.

त्यांनी व्हिडिओ परत लावायला सांगितला आणि मग केतकीच्या आजच्या कुस्तीचाही लावायला सांगितला. तिची पकड आली तेव्हा ते म्हणाले, "थांबवा." अंगठा बाहेर होता. करंगळी आत खोवलेली होती. वस्ताद जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि त्यांची करंगळी या मराठी कंपनीवाल्यांच्या पोरीच्या हातात उतरली होती. पोरांनी त्यांच्या तोंडाचं ऐकलंच नव्हतं. हाताचं मात्र अक्षर अन् अक्षर ऐकलं होतं.

"काका, मला चुकीचं समजू नका," देवश्री म्हणाली. "तुमच्यासारखं पोरांना कुणी सांभाळत नाही, आय नो. पण बिगिनर्सना पहिलाच डाव फाउल शिकवला, तर तो आयुष्यभर सुटत नाही. यापुढे डाव मी घेते. तुम्ही वॉर्म-अप घ्या."

म्हणजे उड्या मोजायच्या. निवृत्तीनंतरची तीन वर्षं ते आठवड्याचे सहा दिवस रविवारची वाट बघण्यात काढत होते, आणि रविवार म्हणजे त्यांना उड्या नव्हत्या. रविवार म्हणजे एखाद्या पोराच्या अंगात डाव पहिल्यांदा शिरतो तो क्षण. तो बघायला मिळावा म्हणून ते कॉटनपेटेहून दोन बस बदलून येत.

"अक्का, चार रविवार द्या मला," ते म्हणाले. "चौथ्या रविवारी तुम्ही उभं राहून बघा. हात कपड्याला लागला, तर मी आपला गपचूप उड्या मोजीन."

देवश्रीने होकारार्थी मान हलवली. "सरी काका," ती म्हणाली. पाच वर्षांत तिच्या तोंडी एवढं कन्नड बसलं होतं.

घरी नरसिंहरावांनी गादीची वळकटी केली आणि तिच्यावर घिस्सा मारायला बसले. हात खोळीला गेला. पुन्हा केला, पुन्हा खोळीला गेला. त्यांनी हातावर चापट मारली, बोटांना पट्टी गुंडाळली, ती काढून टाकली. सुनंदाबाई बसवनगुडीच्या परिषेतून, म्हणजे शेंगांच्या जत्रेतून, आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला कशाकशाशी झुंजताना पाहिलं होतं, पण गादीकडून हरताना पहिल्यांदाच पाहिलं.

"अहो, स्वल्प थांबा," त्या म्हणाल्या. "हात रिकामा ठेवलात, तर तो जुन्या वाटेनंच जाणार की. त्याला काहीतरी काम द्या." आणि त्यांनी एक शेंग नवऱ्याच्या तळव्यात ठेवून वर चार बोटं मिटून दिली.

युक्ती सोपी होती. शेंग मुठीत अलगद धरायची. कपडा पकडायला बोटं उघडली की शेंग पडणार. पुढच्या रविवारी नरसिंहरावांनी बाराही पोरांच्या मुठीत एकेक शेंग दिली आणि खरं काय ते सांगून टाकलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. चूक माझ्या हाताची आहे. आता तुम्ही आणि मी बरोबरच शिकायचं. ज्याची पडेल त्याला सगळ्यांनी ओरडून सांगायचं."

पोरांना दुसरं काय हवं? हॉलभर नुसता कल्ला. त्या दिवशी पोरांच्या मिळून तीस-चाळीस शेंगा पडल्या, तिसऱ्या रविवारी सात-आठ. नरसिंहरावांची मात्र प्रत्येक वेळी पडे. मूठ कपड्यापाशी गेली की बोटं आपोआप उघडत, आणि बारा गळे एका सुरात ओरडत, "अज्जा, पडली!" ते हसत, शेंग सोलून ओरडणाऱ्याला खायला देत आणि दुसरी घेत. परतीच्या बसमध्ये मात्र ते खिडकीकडे तोंड करून मूठ उघडत-मिटत बसायचे.

चौथ्या रविवारी देवश्री हाताची घडी घालून मॅटच्या डाव्या बाजूला उभी राहिली. तनय ओणवा झाला. पोरं गोल करून बसली. नरसिंहरावांनी मनातल्या मनात वस्तादांना नमस्कार केला, मूठ मिटली आणि तनयच्या मागे गुडघे टेकले.

खांद्याचा रेटा बरोबर बसला. हात कमरेवर गेला आणि शेंग पडली.

कुणीच ओरडलं नाही.

नरसिंहरावांनी मान वर केली. बारा तोंडं घट्ट मिटलेली. ज्यांना तीन रविवार आवरता आवरत नव्हतं, ती पोरं श्वास रोखून बसली होती. शेंग उजवीकडे पडली होती. देवश्रीला तिथून ती दिसणं शक्यच नव्हतं. पुढे बसलेल्या एका पोराने हळूच पाय लांब करून ती टाचेखाली घेतली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, काही ठरलं नव्हतं. आपल्यासाठी एवढीएवढीशी पोरं असं काही करतील, हे नरसिंहरावांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पाय काढ बाळ," ते म्हणाले. मग देवश्रीकडे वळले. "पडली अक्का. माझी पडली."

नरसिंहराव उठून उभे राहिले. "आजपासून डाव मॅडम शिकवतील," त्यांनी पोरांना सांगितलं. "मी पहिला अर्धा तास घेईन. सगळ्यांनी वेळेवर यायचं."

"अज्जा, मी एकदा करून दाखवू?"

केतकी उठली होती. स्पर्धेपासून ती वर्गात यायची, पण 'पडली' म्हणून ओरडण्यापलीकडे एका शब्दाने बोलत नव्हती. उत्तराची वाट न बघता ती तनयच्या मागे बसली. मूठ मिटलेली होती. बोटं शेंगेत गुंतलेली होती, म्हणून तिचा हात पुढे गेला, तनयच्या पोटाखालून पलीकडे, आणि तिने कमरेच्या पलीकडच्या हाडाला मनगट अडकवलं. खांद्याचा रेटा आणि मनगटाचा ओढा एकदमच आला. तनय गर्रकन फिरला आणि पाठीवर पडून खिदळायला लागला. केतकीने मूठ उघडून दाखवली. शेंग होती तिथेच होती.

"परत," नरसिंहराव म्हणाले.

तिने परत केलं.

"परत कर. सावकाश."

तिसऱ्या वेळी ते मॅटला गाल लावून बघत होते. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की घिस्सा बोटांत आहे, कपड्यात आहे. इथे ना बोटं होती ना कपडा, आणि घिस्सा मात्र अख्खाच्या अख्खा होता, उलट जास्तच स्वच्छ. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना येत नव्हतं ते त्यांनी शिकवणार तरी कसं? ते आ वासून त्या पोरीकडे बघत राहिले.

"तनय, ऊठ. मला बघू दे." आणि नरसिंहराव स्वतःच तळवे-गुडघे टेकून ओणवे झाले.

"काका, पाठ!" देवश्री पुढे आली.

"काही होत नाही अक्का. केतकी, ये. मी तुझ्याएवढाच जोर लावणार, कमी नाही."

केतकीचा खांदा त्यांच्या बरगडीला टेकला. मनगटाचं बारीक हाड कमरेच्या हाडावर बरोबर बसलं, आणि नरसिंहरावांना आपलं वजन कुणीकडे गेलं तेच कळलं नाही. पुढच्या क्षणी त्यांना हॉलचं छत दिसत होतं, त्यावरचे पंखे दिसत होते. दोन्ही खांदे मॅटला टेकले होते. मातीत कुणी असं चीत केलं असतं, तर ते आठ दिवस गरडीत तोंड दाखवायला गेले नसते. आज त्यांना उठावंसंच वाटेना. एवढा सुंदर घिस्सा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता.

"लागलं का?" देवश्रीने वाकून विचारलं.

"लागला," नरसिंहराव पडल्या पडल्याच म्हणाले. "बरोबर जागी लागला." मग ते कोपरावर उठून बसले. "अक्का, पोरं हात बघून शिकतात. माझा हात आता सुधारायचा नाही, त्याने काही दाखवायलाच नको. डाव केतकी दाखवेल. मी खाली राहतो. मनगट कुठे बसलं, रेटा कुठून आला, कुणाचं बोट कपड्याला लागलं, सगळं मला खालून कळतं. चाळीस वर्षांत शिकलो ते सगळं या पाठीला ठाऊक आहे. चालेल काय?"

देवश्री खाली बसली आणि मॅटवर सांडलेल्या शेंगा गोळा करून एकेका पोराच्या मुठीत द्यायला लागली.

"लाइनीत या," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात आपोआप मास्तरकी आली होती. "मनगट असं. बोटं बंद."

नरसिंहराव पुन्हा ओणवे झाले. तळवे पसरून त्यांनी मॅटवर घट्ट रोवले आणि मान खाली घातली. मागे कुणाचे तरी इवले गुडघे टेकल्याचं त्यांना जाणवलं.

"अज्जा," तनयने मागूनच कानाशी वाकून विचारलं, "पूर्ण जोर लावू?"

"लाव," नरसिंहराव म्हणाले.