उसन्या आठवणींचा कोषाळू

मी एक जुना कोषाळू आहे. मित्रांनो, तुम्ही कोषाळू पाहिला नसेल, तर उशीएवढा दगड डोळ्यांसमोर आणा, त्याला सहा आखूड पाय लावा आणि वर थोडी राखाडी लव पेरा. रूप म्हणाल तर दिव्यच. पण पुस्तकबांधणीच्या दुकानात माझ्याइतका कामाचा प्राणी शोधून सापडणार नाही. नुकती खळ लावलेली पुस्तकं एकावर एक रचतात आणि त्यांच्यावर मी बसतो. तासभर हलत नाही. मी उठलो की पुठ्ठा सपाट आणि पुस्तकाची पाठ सुतासारखी सरळ झालेली असते. कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आहे, पण तो थंडगार आणि मी ऊबदार. गिऱ्हाइकं माझं कौतुक करतात, तेव्हा मी ऐकलंच नाही असं दाखवतो.

हे माझं तिसरं शरीर. आमच्या जातीला आयुष्यात चार शरीरं मिळतात. एक जुनं झालं की तोंडात धागा येऊ लागतो. तो अंगाभोवती गुंडाळून आम्ही शंभर दिवस कोषात राहतो आणि नव्या रूपात बाहेर पडतो. पण पाण्यात मीठ विरघळावं तशा आमच्या आठवणी कोषात विरघळून जातात. म्हणून आमच्यात एक रीत आहे. कोषात जाण्याआधी आपलं सगळं आयुष्य एका माणसाला सांगायचं आणि बाहेर आल्यावर त्याने ते आपल्याला परत सांगायचं. लिहिलेलं चालत नाही, आम्हाला आवाज लागतो. ज्याला कुणीच काही सांगत नाही, तो कोषाळू अन्नाला तोंड लावत नाही. आठवडाभरात सुकून जातो.

माझं ऐकून घेतलं होतं दुकानाच्या मालकांनी, काकांनी. मी कोषात असताना काका गेले. पुस्तक शिवता शिवता छातीत कळ आली आणि हातात दाभण तसंच धरून ते खाली बसले. माझी दोन शरीरांची आठवण त्यांच्याबरोबर गेली. अर्थात हे मला फार उशिरा कळलं.

मी बाहेर आलो तेव्हा समोरच्या स्टुलावर काकू बसल्या होत्या. काकांची बायको. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

“ढब्बू, तू लहानपणी विहिरीत पडता पडता वाचलास. तेव्हापासून तुला पाण्याची भीती. कुत्रं दिसलं की तू रस्ता बदलतोस. दोरा कात्रीने कापत नाहीस, कितीही ओरडलं तरी दातांनीच तोडतोस. चहा गार झाल्याशिवाय पीत नाहीस. काम मनासारखं झालं की शीळ घालतोस.”

दोन दिवस त्या सांगत होत्या. मी पोटभर ऐकलं आणि मग पोटभर जेवलो.

आणि मी तसाच वागू लागलो. गल्लीतली कुत्री मला पाहून शेपूट घालून पळायची आणि त्यांना पाहून मी. शिळेसाठी माझं तोंड घडलेलंच नाही, त्यामुळे नुसती थुंकी उडायची, तीही नेमकी नव्या कोऱ्या मुखपृष्ठावर. काकू फडक्याने पुसायच्या आणि हसायच्या. कधी कधी पुसता पुसता त्यांचा हात थांबायचा. मला वाटायचं, दमल्या असतील.

वर्षभराने त्यांची मुलगी, ताई, परगावाहून चार दिवस राहायला आली. मी दातांनी दोरा तोडला, शीळ घातली आणि गार चहाला तोंड लावलं. ताई हातातली पिशवी खाली न ठेवता दारातच उभी राहिली.

“आई, हे सगळं बाबांचं आहे.”

काकू दोऱ्याला मेण लावत होत्या. “हो,” त्या म्हणाल्या.

“आणि ढब्बूचं स्वतःचं?”

“ते मला कुठे माहीत होतं? हा त्यांच्याशी बोलायचा तेव्हा मी आत भाजी चिरत असायचे. कधी कान दिला नाही. पण गप्प बसले असते तर हा जगला नसता. मला एकाच माणसाबद्दल सगळं माहीत होतं. तेच सांगितलं.”

मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. विहीर माझी नव्हती, शीळ माझी नव्हती, मग मी होतो तरी कोण? तीन दिवस मी एकाही पुस्तकावर बसलो नाही. पुठ्ठे वाळक्या पानांसारखे वाकडे झाले. काकूंनी मला बोल लावला नाही. चौथ्या दिवशी पाहतो तर त्या शिकंज्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी अक्षरशः लोंबकळत होत्या आणि दांडा तसूभरही फिरत नव्हता. मी मुकाट्याने जाऊन पुस्तकांवर बसलो. मी कोण हे मला तरीही कळलं नव्हतं, पण बसायचं कुठे ते कळलं होतं.

त्याला अकरा वर्षं झाली. काकू कुठल्याच कोषात गेल्या नाहीत, तरी विसरू लागल्या. आधी चष्मा, मग वार, मग माणसं.

“हे कुठे गेले रे?” त्या मला रोज विचारतात.

मग मी त्यांना काका सांगतो. विहीर सांगतो, कुत्रं सांगतो, दातांनी तोडलेला दोरा सांगतो. शीळ घालूनही दाखवतो. त्या गालावरची थुंकी पुसतात आणि म्हणतात, “अगदी असेच होते हो.” तेवढ्यावर त्यांचा दिवस सरतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यात माझ्या तोंडात धागा येऊ लागला, तेव्हापासून मी तो गिळतो आहे. गिळलेला धागा पोटात साठून घट्ट होतो आणि शेवटी कोषाळूचा जीव घेतो, हे मला ठाऊक होतं. पण मी शंभर दिवस नसलो तर काकूंना काका कोण सांगणार?

परवा ताई पुन्हा आली. तिने माझ्या ओठावरचा धागा पाहिला आणि स्टूल ओढून ती समोर बसली.

“शहाणाच आहेस. किती दिवस गिळणार? सांग मला सगळं. मी आता इथेच राहणार आहे. तुलाही परत सांगेन आणि आईलाही.”

“वेगवेगळं ठेवशील?” मी विचारलं. “काकांचं एकीकडे आणि माझं एकीकडे? माझं फारसं नाहीच. तीन दिवस रुसलो होतो, तेवढं नक्की माझं.”

ताई काही बोलण्याआधी काकूंनी मान वर केली. त्या खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होत्या.

“वेगळं कशाला?” त्या म्हणाल्या. “ते तुझंच आहे, ढब्बू. मीच दिलंय तुला.”

बाकी सगळं विसरलेल्या काकूंना तेवढं आठवत होतं.

मित्रांनो, उद्या मी कोषात जाईन. तुमच्याही घरात कुणीतरी तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल. भाजी चिरता चिरता का होईना, कान द्या. आणि शंभर दिवसांनी या दुकानावरून गेलात, तर जरा आत डोकावा. तिथे कुणीतरी नवा बसलेला असेल, त्याला यातलं काहीच ठाऊक नसेल. ताई सांगेलच. पण ती काही विसरली, तर तुम्ही सांगा. आता तुम्हीही ऐकलं आहे.