गव्हाणीपाशी साखरपुडा

मी गव्हाण बोलतेय. पेडगावच्या शिवारात, लिंबाजींच्या आखाड्यावर असते. आमच्याकडं शेतातल्या घराला, गोठ्यासकट, आखाडा म्हणतात. तिथं कुस्ती खेळत नाहीत. भांडणं होतात, पण ती काय, सगळीकडंच होतात.

गव्हाण म्हणजे जनावरांना वैरण टाकायची जागा. लांबलचक, कमरेएवढी उंच, भिंतीला लागून बांधलेली. तुमच्या घरी डायनिंग टेबल असतं ना, तसंच समजा. फरक एवढाच, की माझ्याकडं जेवणारे जेवताना मोबाइल बघत नसत.

लिंबाजींच्या वडिलांनी मला स्वतः बांधलं. काळा दगड, पांढरी माती आणि वरच्या काठाला बाभळीचं जाड लाकूड. नवं होतं तेव्हा ते लाकूड खरखरीत होतं. पुढं बैलांनी मान घासून घासून असं गुळगुळीत केलं, की सुताराला रंधा मारून जमलं नसतं. एका टोकाला खोलगट खूण आहे, ती तांबड्या बैलाची. वैरण यायला उशीर झाला की तो तिथं शिंग आपटायचा. लहान लेकरं ताट वाजवतात, तसं.

मग दारात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर काही माझ्यात तोंड घालत नाही. बैल गेले, गाई गेल्या, आणि माझ्यात सामान यायला लागलं. खताच्या रिकाम्या गोण्या, मोटारीचे जुने पाइप, तारा उघड्या पडलेली छत्री, कुठल्याशा निवडणुकीचे झेंडे. एक कोंबडी तेवढी अंडी घालायला यायची. आत शिरण्याआधी ती मान तिरकी करून जरा वेळ बघायची. विचारून येणारी तेवढी एकच. मोकळी जागा दिसली की माणसाला राहवतच नाही, त्यात काहीतरी कोंबल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

अशात राजेश्री आली. लिंबाजींच्या गोपाळची बायको. पूर्णेची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, कमी बोलणारी. नव्या सुनेचं आणि माझं बरंच जुळतं. दोघी भिंतीला लागून असतो आणि येणारा-जाणारा हातातलं ओझं न विचारता आमच्यावर ठेवून जातो. पण भिंतीला लागून असलं की ऐकू मात्र सगळं येतं.

त्या हिवाळ्यात गोपाळचे परभणीचे दोस्त बायका-लेकरांना घेऊन हुरडा खायला आले. खाऊन झालं, ऊन कललं, तरी कुणी उठेना.

"इथं राहायची सोय नाही का हो?" एकजण म्हणाली.

"आधी बाथरूमची आहे का ते विचार," दुसरी कुजबुजली.

सगळे हसले. राजेश्री हसली नाही. तिनं गोठ्याकडं बघितलं, वरच्या माळवदाकडं बघितलं, मग माझ्यातली छत्री उचलून बाहेर ठेवली आणि तिथं हात फिरवत उभी राहिली.

थोड्या दिवसांनी तिनं विषय काढला. गोठ्याचा हॉल करू, धान्याच्या दोन खोल्या पाहुण्यांना राहायला करू, लोक सुट्टीला येतील, छोटे कार्यक्रम होतील. लिंबाजींनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. ते चिडले की असंच करतात.

"पाव्हण्याला जेवू घालायचं अन् वरून पैसे घ्यायचे? माझ्या बापानं वाटसराला बी भाकरीबिगर सोडलं न्हाई. अन् मी दारात पाटी लावू?"

शिवाय त्यांच्या मनात दुसरंच होतं. सोयाबीनचा एक व्यापारी हा गोठा गोदामासाठी मागत होता. तो बघायला आला तेव्हा मला बूट लावून म्हणाला होता, "हे दगडी काढून टाका, पोती रचायला आडवं येतंय." तेव्हापासून त्या माणसाबद्दल माझं मत काही बरं नाही.

"मामा, एकच कार्यक्रम करून बघू," राजेश्री म्हणाली.

"बघू द्या की पोरीला," पार्वतीबाई, तिच्या सासूबाई, चुलीपासून बोलल्या. "गोदाम कुठं पळून जायलंय का?"

"एकच," लिंबाजी म्हणाले. "त्यात इज्जत गेली, तर दुसऱ्या दिवशी चावी व्यापाऱ्याच्या हातात. मंग मला कुणी बोलायचं न्हाई."

झालं, काम सुरू झालं. आधी बाथरूम झाली. तिच्यात गीझर बसला, तो बघायला अर्धं गाव येऊन गेलं. माळवदाची गळती काढली, भिंतींना चुना लागला. गवंडी माझ्यापाशी आला आणि पहार टेकवून म्हणाला, "वैनी, हे काढून ग्रॅनाइटचा काउंटर करून देतो. चकाचक."

"राहू द्या," राजेश्री म्हणाली. "नुसतं धुवा, अन् काठाला जवसाचं तेल पाजा."

गवंड्यानं गोपाळकडं बघितलं. गोपाळनं आभाळाकडं बघितलं. मी राहिले.

गोपाळला 'ग्रीन व्हॅली रिसॉर्ट' असं नाव द्यायचं होतं. राजेश्रीनं सपाट काळ्या रानाकडं नजर टाकली आणि विचारलं, "अवो, व्हॅली कोणत्या बाजूला हाय?" पाटीवर नुसतं 'आखाडा' आलं.

पहिले आले भगवानराव. परभणीचे, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचा, शालूचा, साखरपुडा करायचा होता. बोलता बोलता त्यांचा हात माझ्या काठावरून पुढं-मागं फिरत होता.

"मुलाकडची माणसं लय येतील," ते म्हणाले. "आमची... आमची थोडीच. बदल्यांची नोकरी झाली, एका गावात राहिलो न्हाई. भाऊबंद म्हणावं तर तसं कुणी न्हाई."

हे बोलताना ते फरशीकडं बघत होते.

"खुर्च्या अशा लावू की हॉल भरलेला दिसंल, काका," राजेश्री म्हणाली.

त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. मला वाटतं, जागा त्यांनी तेव्हाच पक्की केली.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी हॉल झेंडूनं सजला. परभणीहून आचारी आला, त्यानं माझ्यावर पांढरं कापड अंथरलं आणि झाकणाची चकचकीत भांडी ओळीनं मांडली. मला जरा लाजल्यासारखं झालं. पाहुण्यांना यायला अवकाश होता. तेवढ्यात दारात कडूबाई उभी. लिंबाजींच्या गल्लीतली. कपाळभर कुंकू, ठेवणीतलं लुगडं, बगलेत पिशवी.

"कार्यक्रम कवा हाय, सूनबाई? सकाळपासून पोटात काई न्हाई."

"तुमी... कशाला आलाव, काकू?" राजेश्री गोंधळली.

"ऐका! कशाला म्हणं! तुझ्या सासऱ्यानं काल पारावर उभं राहून आवतन दिलंय. सबंद गल्लीला. चूलबंद!"

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, गॅसही नाही. सगळं घर जेवायला तुमच्याकडं. आणि लिंबाजींनी ते दिलं होतं दुसऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याचं.

राजेश्री तशीच लिंबाजींपाशी गेली. ते नवा पटका बांधत होते.

"मामा, कार्यक्रम भगवानरावांचा हाय."

"असंल. जागा कुणाची हाय?"

"आपली."

"मंग? आपल्या दारात मांडव पडलाय, अन् गल्लीला आवतन न्हाई? उद्या मी पारावर कोणत्या तोंडानं बसू?"

त्यांना खरंच काही कळत नव्हतं. माझ्याच काठाला टेकून उभे होते, म्हणून सांगते. चेहऱ्यावर खोड नव्हती की कावा नव्हता. घरात मंगलकार्य आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आता गल्लीला परत पाठवावं, तर लिंबाजींची इज्जत जाते. भगवानरावांच्या ताटात वाटेकरी बसवावेत, तर राजेश्रीची. दोन्हीकडून चावी व्यापाऱ्याकडंच जाणार. गोपाळ डोकं धरून माझ्यापाशी बसला. राजेश्री मात्र बसली नाही. तिनं पदर खोचला.

"आत्याबाई, आवतन आपलं, तर जेवण बी आपलंच. मोठं पातेलं कुठंय?"

"माळवदावर," पार्वतीबाई म्हणाल्या आणि उठल्या. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "तुमी आता तोंड बंद ठिवा अन् वांगी तोडून आणा."

मागच्या निंबाखाली तीन दगड मांडून चूल पेटली. माझ्या शेजारच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. वांग्याची भाजी, वरण, भात, शिरा. कडूबाई खाटेवर बसून हुकूम सोडत होती.

"मीठ बघ गं. अन् वांगं हलवत जा, करपायलंय."

"काकू, जरा हात लावता का?"

"मी कशाला लावू? चूलबंद हाय मला. मी पाव्हणी हाय आज."

एवढ्यात गाड्या आल्या. मुलाकडची माणसं नांदेडची, भरपूर. त्यांच्या बाजूच्या खुर्च्या भरल्या, कमी पडल्या. शालूच्या बाजूला, खुर्च्या कितीही पसरून लावल्या तरी, पोकळी दिसत होतीच. भगवानराव उगाच या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसत होते. त्यानं ओळ भरेल असं त्यांना वाटत असावं.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले. गल्लीची माणसं मागच्या अंगणात जमली होती आणि राजेश्री दारात उभी राहून हळू आवाजात सांगत होती, "पंगत इकडंच हाय, निंबाखाली. आत नका जाऊ."

"आत नको म्हंजे?" कडूबाईचा आवाज चढला. "रिकाम्या हातानं आलाव व्हय आमी? पोरीला आहेर केल्याबिगर पंगतीला कसं बसावं?" आणि ती राजेश्रीच्या हाताखालून वाकून आत.

तिच्या मागं सगळी गल्ली.

राजेश्रीनं डोळे मिटले. मला मिटता येत नाहीत, म्हणून मी बघितलं. बायकांची रांग लागली. शालूला कुंकू, ओटीत नारळ आणि ब्लाउजपीस. पुन्हा कुंकू, पुन्हा नारळ, पुन्हा ब्लाउजपीस. तुम्हाला माहीत असेलच, ही पीसं कुणी शिवत नाही, ती नुसती फिरतात. एका मोरपंखी पिसाकडं बघून कडूबाई म्हणालीसुद्धा, "हे माझंच की गं! तीन वर्सांनी दिसलं." पुरुषांनी भगवानरावांना टॉवेल-टोपी केली. प्रत्येकानं आपली टोपी आपल्या हातानं घातली. आधीची कुणी काढेना, त्यामुळं एकीवर एक अशा टोप्या चढत गेल्या. ज्या पोरीचं नावही त्यांना धड माहीत नव्हतं, तिच्या डोक्यावरून हात फिरवून गल्लीतल्या म्हाताऱ्या कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढत होत्या. शालूच्या मांडीवर ढीग झाला. ती ढिगामागून हसत होती आणि रडतही होती.

मुलाची आई पुढं वाकली. "भगवानराव, तुम्ही तर म्हणायलात आमचं कुणी न्हाई. मग ही एवढी सगळी कोण?"

भगवानरावांनी राजेश्रीकडं बघितलं. राजेश्रीनं खाली बघितलं. तेवढ्यात मागच्या दारातून, हातात वरणाची बादली घेतलेले लिंबाजी बोलले,

"कोण म्हंजे? पोरीची माणसं हायत."

भगवानराव पुढं झाले. डोक्यावर टोप्यांचा मनोरा, गळ्यात टॉवेल. "हो," ते म्हणाले. "आमचीच."

मग जेवणं झाली. माझ्यापुढं मंडळी ताट हातात धरून उभी होती, जागा शोधत. बैलसुद्धा निवांत बसून रवंथ करायचे. मुलाचे आजोबा एका हातात काठी, एका हातात ताट, आता खायचं कोणत्या हातानं, अशा विचारात पडले होते. लिंबाजींना ते बघवलं नाही. "पाव्हणं, उभं कामून?" म्हणत त्यांनी त्यांना दंडाला धरून थेट निंबाखालच्या पंगतीत बसवलं. आजोबांनी वांगं दोनदा मागितलं. त्यांच्या मागं त्यांचे भाऊ गेले, मग जावई. इकडं कडूबाईनं माझ्याकडं मोर्चा वळवला, पनीर चाखलं, "ह्याला मिठाची बी ओळख न्हाई" म्हणाली, आणि ताटात गुलाबजाम भरून घेतले. शेवटी कुणाचे पाहुणे कुठं जेवले, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

निघताना भगवानराव लिंबाजींपाशी आले. टोप्या अजून डोक्यावरच.

"लग्न बी इथंच करायचंय," ते म्हणाले. "फक्त आवतन तुमीच द्या."

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं व्यापाऱ्याचा फोन आला. लिंबाजी माझ्या काठावर बसूनच बोलले. "न्हाई हो, गोदाम न्हाई जमायचं. लगीन हाय इथं. आमच्या घरचं." फोन ठेवून त्यांनी राजेश्रीला हाक मारली आणि पटका गुडघ्यावर न ठेवता विचारलं, "सूनबाई, त्या दिवशी दोन्ही खोल्या बी लागतील का गं?"

आता माझं बरं चाललंय. दर पंधरवड्याला तेल मिळतं. काठावर हळदीचा एक डाग पडलाय, तो राजेश्री मुद्दाम घासत नाही. सुट्टीला येणारी माणसं माझ्यावर चष्मे, चार्जर, अर्धी खाल्लेली बोरं ठेवतात आणि सकाळी माझ्यापाशी उभं राहून चहा पितात. ती कोंबडीही मधून दारात येते, मान तिरकी करते आणि गर्दी बघून निघून जाते.

तुम्हीही या. एवढीच विनंती, की येणार असाल तर राजेश्रीला सांगा, लिंबाजींना सांगू नका. आणि चुकून सांगितलंतच, तर पिशवीत एका मोरपंखी ब्लाउजपिसापुरती जागा ठेवून या.