चौकशीच्या खिडकीतली झोळी

बसस्थानकात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. चौकशीच्या खिडकीत बसून तिला आठ वर्षं झाली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, कुठं थांबते आणि कुठं थांबते असं नुसतं म्हणतात, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. एका हातानं माइकचं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं आल्या-गेल्या गाड्यांची नोंद करायची, आणि मधल्या मधे काचेच्या भोकातून विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. तिसरा हात असता तर तोही कामाला लागला असता.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा ठकी पाच महिन्यांची होती. ठकीनं बाटलीला तोंड लावलं नाही. वाटी-चमचा करून पाहिला, तर दूध आजीच्या अंगावर आणि ठकी उपाशीच. सासूबाईंनी चार दिवस खिंड लढवली. पाचव्या दिवशी त्या रिक्षा करून थेट स्थानकात आल्या आणि खिडकीच्या मागच्या दारातून नात आईच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घे बाई तुझं लेकरू. सकाळपासून रडून घसा बसलाय तिचा, आणि माझे कान."

ठकी लगेच प्यायला लागली, तशी खोलीत शांतता झाली. चौकशीबाईनं त्याच क्षणी ठरवलं की उद्यापासून ठकी इथंच.

नवरा लांबच्या मार्गावर ड्रायव्हर होता, तीन दिवसांतून एकदा घरी यायचा. तो म्हणाला, "झेपेल का तुला?"

"झेपेल का ते विचारू नका. दोन्ही हात मोकळे ठेवून पाजता येईल अशी झोळी शोधून द्या."

त्यानं बिचाऱ्यानं शोधली. पट्टे, बकलं, कप्पे, वर डोक्याला टोपी. गिर्यारोहकाची पिशवीच जणू. कमरेचा पट्टा नेमका बाळंतपणातल्या ऑपरेशनच्या टाक्यांवर बसायचा. ठकी गळ्याशी घट्ट बांधलेली, आणि तिला पाजायचं तर सगळा डोलारा उतरवायचा. पाठीमागचं बकल सोडायला दर वेळी शेजारच्या खिडकीतल्या तिकीटबाईला हाक मारावी लागे. नाकापेक्षा मोती जड.

मग नणंदेनं एक लांबलचक मऊ कापड दिलं, अंगाभोवती गुंडाळून बांधायचं. बांधल्यावर फार सुख. पण बांधेपर्यंत दहा मिनिटं, टोकं स्थानकाच्या फरशीवर लोळणार, आणि तोवर ठकीचं रडणं माइकवरून सगळ्या फलाटांना ऐकू जाणार. एकदा तर ठकीनं 'गाडी क्रमांक' आणि 'सुटत आहे' यांच्या मधोमध असा टाहो फोडला की फलाटावरचे चार प्रवासी घाबरून गाडीत चढले.

तिसरी झोळी पिशवीसारखी होती. तीत ठकी खाली घसरून मुटकुळं होऊन बसे. ती घालून चौकशीबाई ठकीला लस टोचून घ्यायला आरोग्य केंद्रात गेली, तर तिथल्या नर्सबाईंनी ठकीला आधी बाहेर काढलं आणि मग बोलायला सुरुवात केली.

"हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो, कळलं? नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे. मान जराशी झुकवून टाळूचा मुका घेता यावा इतकं बाळ वर हवं. गुडघे बुडापेक्षा वर, पाठीला आधार. पाजताना झोळी सैल करून जरा खाली घ्यायचं, झालं की ओढून पुन्हा वर. आणि सैल-घट्ट करणं एका हातानं जमलं पाहिजे. नाही जमलं तर ती झोळी तुझ्या कामाची नाही."

"अशी मिळते कुठं?"

"दोन कड्यांची असते. खांद्यापाशी कड्या, त्यांतून कापड जातं. आपल्याकडच्या दुकानांत मी तरी पाहिली नाही. शिवून घे."

शिवून घ्यायची म्हणून ती आगारातल्या सीटवाल्या काकांकडे गेली. बसची फाटलेली आसनं शिवण्यात काकांचा जन्म गेला होता. ते बोलायचे कमी आणि टाके घालायचे फार. तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. काकांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"रेक्झिन घालू?"

"काका, लेकराला घामानं उकडून काढायचंय का मला?"

"मग कापड तू आण. कड्या माझ्या."

कापडासाठी तिनं घरातली जुनी सुती चादर मागितली. धुऊन धुऊन ती चादर सायीसारखी मऊ झाली होती. सासूबाईंनी ती दिली, पण हातातून सोडेनात. "चादर घे. पण खिडकीत बसून पाजू नकोस गं. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात, गाडी कधी येणार. आठ वर्षांत दुसरं काही म्हणालेले नाहीत."

काकांनी आणलेल्या पहिल्या कडीचा जोड नखाला लागत होता, म्हणून त्यांनीच ती फेकली. दुसऱ्या दोन अखंड निघाल्या. खांद्यावर चुण्या पसरून त्यांनी तिहेरी शिवण मारली, आणि वीस किलोचं पोतं झोळीत घालून ती छताच्या आकड्याला दिवसभर टांगून ठेवली. संध्याकाळी पोतं उतरवून कड्या न्याहाळल्या, आणि मगच झोळी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ठकी झोळीत बसली, आईच्या छातीला कान लावून. भूक लागली की चौकशीबाई कडीतलं कापड थोडं सोडी, ठकी खाली सरके आणि पिऊ लागे. बटण दाबायला हात मोकळा, लिहायला हात मोकळा, खांदा दुखेना, टाके खुपेनात. तिकीटबाई म्हणाली, "अगं, पितेय की झोपलीय? काही दिसतच नाही."

सोळा दिवस सुखात गेले. सतराव्या दिवशी आगारप्रमुख साहेबांनी तिला बोलावलं. समोर तक्रारवही उघडी होती. रोज सव्वानऊच्या गाडीनं जाणाऱ्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'चौकशीच्या खिडकीत असभ्य प्रकार चालतो.'

"त्यांना नेमकं काय दिसलं, साहेब?"

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "ते मी कसं विचारणार?"

"चादर आणि ठकीचं टक्कल, एवढंच दिसतं. त्यातलं असभ्य कुठलं?"

"हे बघा, वाद नको. पाजायच्या वेळी मागच्या टायरच्या खोलीत जात जा."

तिची कानशिलं तापली. त्या खोलीत जुने टायर रचलेले होते, रबराचा वास डोक्यात जायचा, बसायला स्टूलही नव्हतं. माणसाला तिथं कुणी जेवायला बसवलं नसतं. ती शांतपणे म्हणाली, "लेखी द्या."

साहेबांनी लेखी दिलं.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत ठकीला भूक लागली. चौकशीबाई चिठ्ठीप्रमाणे उठली, खिडकीला कडी घातली आणि टायरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. नेमक्या त्याच वेळी दोन गाड्यांचे फलाट बदलले. काचेवर टकटक वाढली, मग आरडाओरडा. शेवटी साहेब स्वतः माइकवर बसले आणि दोनचा फलाट त्यांनी सात सांगितला. शंभर माणसं सामानसुमान घेऊन सातकडे पळाली, आणि गाडी दोनवरून रिकामी सुटली.

ती परतली तेव्हा एक म्हातारी गाडी चुकून बाकावर बसली होती. चौकशीबाईला चरचरलं. म्हातारीचा काय दोष? तिनं तिला पाणी दिलं, पुढच्या गाडीत स्वतः नेऊन बसवलं, कंडक्टरला सांगितलं. मग कपाटातलं नियमांचं पुस्तक घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली.

"वाचते साहेब. 'प्रवाशांच्या वेळेत चौकशी खिडकी रिकामी ठेवू नये.' आता ही तुमची चिठ्ठी. नियम मोडू की चिठ्ठी मोडू? तेवढं लेखी द्या."

साहेबांचा घाम अजून वाळला नव्हता. त्यांनी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली आणि खिशात घातली.

पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. सोमवारी ती आली तर खिडकीच्या काचेवर आतून हिरवा पडदा. पडद्यामागून तिला ना माणूस दिसेना ना फलाट. तिनं खुर्चीवर उभं राहून पडदा उतरवला, नीट घडी केली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"ज्याला बघवत नाही त्यानं आपल्या खिडकीला लावावा," ती म्हणाली. "माझ्या खिडकीतून मला माणसं दिसली पाहिजेत."

तिकीटबाई दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. सीटवाले काकाही काहीतरी निमित्त काढून आले होते. साहेबांनी दोघांकडे पाहिलं, आणि पडदा खणात टाकला.

दोन दिवसांनी सव्वानऊची गाडी आलीच नाही. साडेनऊला चष्मेवाले गृहस्थ खिडकीशी आले. ठकी पीत होती. त्यांनी मान वर करून छताकडे पाहत विचारलं, "सव्वानऊची कधी येणार?"

"वर काय बघता काका? गाडी वरून नाही यायची." तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं, ते खाली बघेपर्यंत. "रस्त्यात बंद पडलीय. पावणेदहाला चारवर दुसरी लागतेय, तीत बसा. पुढची दोन आसनं मोडकी आहेत, मागं बसा."

गृहस्थ "बरं" म्हणाले आणि चारकडे चालू लागले. त्यांच्या मागे बरीच मोठी रांग होती.

"हं, बोला," चौकशीबाई पुढच्याला म्हणाली.