तक्रारदाराच्या टेंपोतला नमुना

नवं राष्ट्रीय पर्यावरण प्राधिकरण पूर्णपणे स्वतंत्र आहे, असं कायद्यातच लिहिलंय. त्याचं खोपोलीचं कार्यालय मात्र कारखानदारांच्या संघटनेच्या इमारतीत. तात्पुरतं, म्हणे. मी तिथली बिनसरकारी सदस्य. तीस वर्षं कर्जतच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून नेमलं.

साजगावच्या गजाची तक्रार होती, रंगाच्या कंपनीमुळे विहीर नासली. विहीर उत्तम आहे, असं कंपनीने लेखी दिलं होतं. सोमवारच्या बैठकीत पाण्याचा नमुना आला नाही तर तक्रार निकालात निघणार होती. आमचे अधिकारी देवव्रत यांनी पाहणीसाठी गाडी मागवली. कुणाची, तर त्याच कंपनीची.

"आपली गाडी अजून मंजूर नाही, मॅडम. सगळे असंच करतात."

मी सरळ गजाच्या टेंपोत बसले आणि विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणली. देवव्रतांनी ती हातातही घेतली नाही.

"तक्रारदाराच्या गाडीतून गेलात? मग आपण स्वतंत्र कुठे राहिलो? हा नमुना बाद."

माझं डोकंच फिरलं. कंपनीच्या गारेगार गाडीत स्वातंत्र्य टिकतं आणि भाताच्या पोत्यांशेजारी बसलं की जातं, असा नियम मला तरी कुठे सापडला नाही.

शनिवारी एसटीने गेले. फाट्यापासून उन्हात चालले, तिकीट पुरावा म्हणून जपून ठेवलं. पुन्हा बाटली भरली. गजाची बायको शकू चहा घेऊन आली. मी कप मागे सरकवला. देवव्रतांचा नेम नाही, चहावरूनही नमुना बाद करतील.

शकूचा चेहरा उतरला. "घ्या ना बाई. विहिरीचं पानी नाय त्यात. आमी बी पीत नाय. टँकरचं हाय."

मला लाज वाटली. "टँकर ग्रामपंचायतीचा का गं?"

"नाय. कंपनीच पाठवती, रोज सकाळी. कुनाला सांगू नका म्हनले, नायतर बंद करू."

लेखी उत्तम असलेल्या विहिरीच्या मालकाला कंपनी रोज पाणी पाजत होती. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

"हे मी अहवालात लिहू का, शकू? टँकर बंद होईल पण."

तिने दारातल्या हंड्यांकडे पाहिलं. "लिवा. तुमी सरकारच्या बी वरच्या, कुनाचं ऐकत नाय, असं हे सांगत व्हते. मग मंगळवारपासून तुमचा टँकर यील ना?"

मी कप उचलला. आमच्याकडे साधी जीपही नाही, हे मला तिला सांगवेना.