जेवणाचा शॉट

"आधी त्यो क्यामेरा बंद कर," सर्जेराव तात्या मोहसीनवर खेकसले. "आमच्याच दारात बसून आमच्याच गावाची बदनामी करताय व्हय रं?"

मोहसीनने कॅमेरा बंद केला, पण स्टँडवरून काढला नाही. मिरजेत लग्नांचं शूटिंग करून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नवरीच्या मामापासून बँडवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या शिव्या त्याने खाल्ल्या होत्या. त्याने हरणाबाईकडे पाहिलं. ती ओट्याच्या कडेला मांडी घालून बसली होती आणि जागची हलली नव्हती.

"बदनामी कसली, तात्या? तुमी मला जितं जेवाय घालत हुता, तितंच बसलीया मी."

तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मोहसीन हळूच म्हणाला, "अक्का, माईक गळ्यात हाय तुमच्या. वरडू नका." पण जन्मभर शेवटच्या रांगेसाठी बोललेली बाई ती, तिला हळू बोलायचं म्हणजे खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

कोरेगावजवळच्या या गावात पूर्वी जत्रेला गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. पुरुषांची कामं गावातली पोरं करायची आणि बाईच्या कामाला मिरजेहून हरणाबाई यायची. तालीम वगैरे काही नाही. दुपारी रेल्वेतून उतरायचं, संध्याकाळी ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा नवऱ्याच्या गळ्यात पडून रडायचं. इथे तिचा नवरा दरवर्षी सर्जेरावच असायचा. तात्यांची आई पुढच्या रांगेत बसायची, आणि नाटकातली सासू हरणाबाईला घराबाहेर काढायची तेव्हा पदर तोंडाला लावून हुंदके द्यायची. नाटक संपलं की हीच म्हातारी गड्याच्या हाती ताट ओट्यावर पाठवायची. नाटकवाली उंबऱ्याच्या आत नको, एवढा साधा हिशेब. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. हरणाबाईला वाटायचं, पण तिला विचारणार कोण?

मग गावोगावची नाटकं बंद पडली. हरणाबाई वाईकडे मालिकांच्या शूटिंगला जाऊ लागली, कुणाच्या तरी प्रेताशेजारी बसून रडायला. रडून झालं की बाकीच्या बाया सावली शोधत, ही मात्र कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहायची. वर्षभर तिने नुसतं पाहिलं. मग मोहसीनला जाऊन म्हणाली, "लग्नाचा हंगाम संपला की मला तुजा क्यामेरा पायजे. मला माजा सिनेमा काडायचाय." मिरजेत लोक हसले, म्हातारीला चळ लागलाय म्हणाले. हसणाऱ्यांना हसायला काय जातं!

गावाने परवानगी दिली ती आपल्या जत्रेचं कौतुक होणार म्हणून. तात्यांनी तर केस रंगवून घेतले होते. नवऱ्याचं काम पुन्हा आपल्यालाच मिळणार, अशी त्यांची समजूत. दोन दिवस देऊळ, पार, जुनं स्टेज असं सगळं हौसेने दाखवून झालं. आज ओट्यावरचं जेवण घ्यायचं म्हटल्यावर त्यांचं डोकं फिरलं.

"दुसरं काय दावाय न्हाई का तुला?" तात्या म्हणाले. "टाळ्या वाजवल्या, बक्षिसं दिली, ते इसरलीस? ज्या गावाचं खाल्लंस त्या गावावर उलटतीस?"

"तेच दावतीया की. तुमचं खाल्लं, ते कुटं बसून खाल्लं ते."

गल्लीत माणसं जमली होती. एकाने स्टँडला पाय मारला. मोहसीनने तो पडता पडता सावरला आणि त्या माणसाकडे नुसता बघत राहिला. "घाला रं तिला गाडीत," मागून कुणीतरी ओरडलं. हरणाबाईवर पूर्वी टमाटे फेकले गेले होते, शिट्ट्या झाल्या होत्या, पण तेव्हा पडदा पाडता यायचा.

तेवढ्यात वैनी, म्हणजे तात्यांची बायको, दारात आली. तिने तात्यांना आत बोलावलं. थोड्या वेळाने तात्या बाहेर आले ते एकदम मऊ होऊन.

"ऊठ, आत चल," ते म्हणाले. "चांगला सैपाकघरात पाट मांडलाय. वैनी सोता वाडंल तुला. ते घ्या की क्यामेऱ्यात. गावाचंबी नाव ऱ्हाईल आन् तुजाबी मान ऱ्हाईल."

हरणाबाईला एकदम रडू आलं आणि स्वतःचाच राग आला. ती सिनेमा कशाला काढत होती, मग? हेच तर हवं होतं तिला. हवं होतं, कुणी कितीही हसो. ती उठली, चप्पल पायरीवर काढली आणि उंबरा ओलांडला.

स्वयंपाकघरात पाट होता, पुढे लखलखीत स्टीलचं ताट, तांब्याभर पाणी. वैनी नवी साडी नेसली होती. टोपलीतली ज्वारीची भाकरी घेऊन ती उभी राहिली. तात्यांनी भिंतीवरच्या आरशात केस नीट केले. मोहसीनने दिवा लावला, कॅमेरा रोखला.

"चालू करू, अक्का?"

"नगं," हरणाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खोलीपुरता निघाला. "बंद ठिव. आदी जेवती. लय भूक लागलीया. शॉटचं मागनं बगू."

वैनीचा हात तिथेच थांबला. तिने तात्यांकडे पाहिलं.

"म्हंजे?" तात्या म्हणाले. "क्यामेरा न्हाई, तर मग कशापायी?"

हरणाबाई मान खाली घालून वाट पाहत होती. खरंच वाट पाहत होती. वैनीने भाकरी परत टोपलीत ठेवली आणि वर फडकं टाकलं.

हरणाबाईने तांब्या ओढला. उष्टा न झालेला हात तिने त्या कोऱ्या ताटात धुतला, पदराला पुसला.

"जेवले हो, वैनी," ती म्हणाली आणि उठली.

ओट्याचा शॉट तिने पुढे मिरजेत, स्वतःच्या दारात घेतला. सांगलीच्या एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तेव्हा त्या शॉटला लोक गप्प झाले. स्वयंपाकघरातलं हे मात्र त्यात कुठेच नाही. मोहसीनने तिचं ऐकून कॅमेरा बंदच ठेवला होता.